उडवाउडवीची उत्तरे

निवृत्त झाल्यापासून मला दुपारी झोप लागायला लागली आहे. नोकरीत असताना दुपार कधी येते आणि कधी जाते हे कळायचंच नाही. आता जेवण झालं की बीडच्या उन्हात आमची सगळी गल्ली पांढरी पडते, रिक्षांचे आवाज लांब लांब जातात आणि डोळा लागतो. झोपेत मी लिहीत असते. समोर कोणीतरी बसलेलं असतं. त्याचे ओठ हलताना दिसतात, पण आवाज येत नाही. माझा हात मात्र चाललेला असतो, ओळीमागून ओळ, सावकाश, वळणदार. जागी झाले की बोटं थोडी दुखतात.

या अंकाच्या संपादकांनी पोलिसातले अनुभव मागितले, तेव्हा त्यांना काहीतरी थरारक हवं असणार. माझ्याकडून त्यांची निराशा होईल. पिस्तूल मी फक्त सरावाच्या दिवशी हातात धरलं. एकतीस वर्षं मी लिहिलं. शिपाई म्हणून भरती झाले, अक्षर चांगलं म्हणून पहिल्या वर्षीच लिखाणाच्या टेबलावर बसवलं, आणि हवालदार झाले तरी टेबल तेच राहिलं. पुढं कॉम्प्युटर आले, तरी साहेब म्हणायचे, "आधी बाईंकडून कच्चं लिहून आणा, मग टाइप करा."

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोलिसाचं काम म्हणजे धावणं आणि पकडणं. ते असतंच, पण थोडा वेळ. पकडलेला माणूस पुढं महिनोन्‌महिने कागदावर राहतो. तो कागद मी लिहायचे. माणूस बोलतो तसं तिथं कोणी लिहीत नाही. "लई मारलं हो बाई त्यानं" असं कोणी रडत म्हणालं की माझ्या हातून उतरायचं, "लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ केली." एक म्हातारा दर बाजारच्या दिवशी यायचा. शेजाऱ्याचा कोंबडा मुद्दाम त्याच्याच दारात येऊन आरवतो, अशी त्याची तक्रार. एकदा मी कंटाळून त्याचा अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. "सदर कोंबडा अर्जदाराच्या घरासमोर हेतुपुरस्सर आरवत असून." म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "लई झ्याक लिवलं बाई. आता काय बी करू नका, हे मला द्या." अर्ज घडी करून खिशात घातला आणि गेला, पुन्हा आला नाही. आपलं म्हणणं सरकारी भाषेत ऐकायला मिळालं एवढ्यावरच त्याचं समाधान झालं होतं. त्या दिवशी मला माझ्या लेखणीचा फार अभिमान वाटला. भीतीही वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

कारण आमच्या हातात काही वाक्यं तयार असायची. नव्या शिपायाला ती महिनाभरात पाठ होतात. "खात्रीलायक बातमी मिळाली." "संशयास्पदरीत्या फिरत असताना मिळून आला." आणि सगळ्यांत कामाचं म्हणजे, "विचारपूस केली असता उडवाउडवीची उत्तरे दिली." हे वाक्य लिहिलं की समोरचा माणूस अर्धा गुन्हेगार होतो. ते मी किती जणांबद्दल लिहिलं असेल, आठवत नाही. पण बहुतेक ते बाहेरच्यांबद्दल लिहिलं, हे आठवतं. कुल्फीवाले, रंगारी, गालिचे विकणारे, पत्र्याच्या शेडमध्ये राहून फरशी बसवणारे. गावात चोरी झाली की आमची गाडी आधी त्यांच्या शेडकडे वळायची. गावातल्या कोणाला आणलं तर दहा मिनिटांत फोन यायचा, कधी सरपंचाचा, कधी त्याहून वरचा. शेडमधल्या माणसासाठी कोणाचा फोन येत नव्हता. ज्याच्यासाठी फोन येत नाही तो माणूस हाताला लवकर लागतो. आम्ही याला पक्षपात म्हणत नव्हतो, अनुभव म्हणत होतो.

सफिकुल शेख आला तो वैशाखातल्या एका दुपारी. ठाण्याचं नाव लिहीत नाही, जिल्ह्यातलंच एक. बाहेर डांबरी रस्त्यावर पाणी सांडल्यासारखं ऊन दिसत होतं. त्या चमचमत्या पाण्यातूनच वर आल्यासारख्या तीन मोटारसायकली फाटकात शिरल्या. मधल्या गाडीवर दोघांच्या मध्ये हा बसवलेला. तिशीचा, सडपातळ, ओठ फुटलेला, आणि पोटाशी एक गोणी घट्ट धरलेली.

आणणारे जवळच्या एका वाडीचे होते. त्यांच्यातला पुढारी म्हणाला, "बाई, मुलं पळवणारा हाय. मोबाइलवर मेसेज आलाय समद्यांना. बायकांशी बोलत फिरत होता."

गोणी उघडली तर आत केस होते. बायका विंचरताना गळालेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा पिशवीत साठवतात ना, तेच. ही माणसं दारोदार फिरून ते घेतात आणि बदल्यात स्टीलची वाटी, डबा देतात. पुढं त्यांचे टोप होतात म्हणे. माझी आईसुद्धा आमच्या गावी, तलवाड्याला, असे केस साठवायची. म्हणजे तो माणूस काय करत होता हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. मुलं पळवण्याचा विषय तिथंच संपला. आणणाऱ्यांना चहा पाजून पाठवलं. त्याचा ओठ कोणी फोडला हे मी विचारलं नाही, लिहिलंही नाही.

पण त्याला सोडलं नाही, कारण तो बंगाली बोलत होता. तेव्हा वरून हुकूम होता की परदेशातून चोरून आलेले शोधा. आमच्या साहेबांना अजून एकही सापडला नव्हता. माझ्यासोबत ड्युटीवर गोरख नावाचा शिपाई होता. त्यानं त्या माणसाला एकदम विचारलं, "काय बे, पाण्याला काय म्हणतो?"

तो बुचकळ्यात पडला. मग म्हणाला, "पानी."

"बघा," गोरख साहेबांना म्हणाला. "आपल्या देशातले बंगाली जल म्हणतात साहेब, सीमेपलीकडचे पानी म्हणतात."

मी ते ऐकत होते. मी स्वतः रोज दहा वेळा पाणी म्हणते. पण तेव्हा मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. त्याच्या आधार कार्डावर नाव एका तऱ्हेनं होतं, मतदान कार्डावर दुसऱ्या तऱ्हेनं, आणि दोन्हींवर जन्माची तारीख जानेवारीची पहिली. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचीही जन्मतारीख हीच आहे. पण तो आमच्या तालुक्यातला नव्हता.

विचारपूस मी केली. त्याला मराठी येत नव्हतं, मला बंगाली येत नव्हतं. तो मधूनच तुटक हिंदी बोलायचा. गाव विचारलं तर म्हणाला, "गाँव नदी में है, मॅडम." पुन्हा विचारलं तर हातानं काहीतरी कोसळत असल्यासारखं दाखवून म्हणाला, "नहीं है. नदी में गया." मग बराच वेळ त्याच्या भाषेत बोलत राहिला. पंखा फिरत होता. त्याची भाषा कानाला मऊ लागत होती, पाण्यात बोट फिरवल्यासारखी. मला गुंगी येत होती. आणि माझा हात चालला होता. "गावाबाबत विचारले असता गाव नदीत आहे असे सांगून उडवाउडवीची उत्तरे दिली."

सरकारतर्फे फिर्यादी म्हणून माझंच नाव लागलं. एक गोष्ट इथं सांगायला हवी. इतर गुन्ह्यांत माणूस दोषी आहे हे पोलिसांना सिद्ध करावं लागतं. या गुन्ह्यात उलटं आहे, मी इथलाच आहे हे त्या माणसानं सिद्ध करायचं, तेही कोठडीत बसून. त्याला बीडच्या तुरुंगात पाठवलं. जामीन झाला नाही, कारण जामीन राहायला ओळखीचं कोणी नव्हतं. त्याच्या जिल्ह्यातल्या पोलिसांना आम्ही खात्री करण्यासाठी पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि आम्ही दुसरं पाठवलं नाही.

अटक झाली की घरच्यांना कळवावं लागतं. ठाण्याचा फोन बंद होता म्हणून त्यानं सांगितलेल्या नंबरवर मी माझ्या मोबाइलवरून कळवलं. पलीकडं त्याची बायको होती. मर्जिना तिचं नाव. मी हिंदीत "अरेस्ट" आणि "बीड" एवढंच तीन-चारदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मग तिसऱ्या दिवशी. मग रोजच.

मी फोन घ्यायचे. का घ्यायचे, ते मलाही सांगता येणार नाही. ती बोलत राहायची, मला त्यातलं फक्त "दीदी" कळायचं. मी मराठीत म्हणायचे, "हो, बरा आहे. जेवतोय." मागं कोंबड्या ओरडत असायच्या, कोणीतरी हापसा मारत असायचं, वारा असायचा. मी ठाण्याच्या मागच्या ओसरीत बसून डोळे मिटून ते ऐकायचे. एखादं अनोळखी गाव दुपारचं कसं दिसत असेल, ते मला हळूहळू दिसायला लागलं होतं. पावसाळा गेला, दिवाळी जवळ आली. तिचा आवाज बारीक होत गेला. काही दिवस ती नुसतीच फोन धरून बसायची आणि मीही तशीच बसायचे.

एका सुटीच्या दिवशी मी सराफ्यात गेले. तिथं माडीवर तपन म्हणून एक बंगाली कारागीर बसतो, मंगळसूत्राच्या वाट्या घडवतो. बीडमध्ये त्याची वीस वर्षं गेली, मराठी माझ्यासारखंच बोलतो. मी काम सांगितलं तसा तो हातातली फुंकणी खाली ठेवून दाराकडं बघायला लागला.

"ताई, मला त्याच्यात घेऊ नका," तो म्हणाला. "इथं मी तपनभाऊ हाय. एकदा का बंगालीत बोललो, की उद्या लोक म्हणतील हा बी तिकडचाच."

"कोणाला कळणार नाही. तुम्ही फक्त ऐका आणि मला सांगा."

फोन बाराच्या सुमारास आला. मी तो तपनच्या कानाला लावला. तो सुरुवातीला ताठ बसला होता. नंतर त्याचे खांदे सैल झाले. बऱ्याच वेळानं मला म्हणाला, "ती विचारते, माझा नवरा काय खोटं बोलला? त्यानं सांगितलं ते लिहून घेतलं ना, दीदी?"

"तिला सांगा, तो म्हणाला गाव नदीत आहे."

तपननं मला थांबवलं. "मग बरोबरच सांगितलं की त्यानं. तिकडं नदी काठ खात येते, ताई. शाळा, मशीद, घरं, समदं जातं. लोक मागं सरकून पुन्हा घर बांधतात, ते बी जातं. हिचं तिसरं घर हाय म्हणते. कागदावर जे गाव हाय ते आता पाण्यात हाय."

खाली सराफ्यात कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मला माझी मावशी आठवली. तिचं सासर माजलगावच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती काठावर जाऊन बसायची आणि देवळाचा माथा कुठं दिसायला हवा ते बोटानं दाखवायची. माझ्या लहानपणी कोणी तिला गाव विचारलं की मावशी म्हणायची, "आमचं गाव पाण्यात हाय बया." तेव्हा कोणीही तिच्या उत्तराला उडवाउडवी म्हटलं नव्हतं. तिचं ते वाक्य मी शंभरदा ऐकलेलं होतं. त्या माणसानं तेच वाक्य म्हटलं, तेव्हा मला ते ओळखू आलं नाही.

सोमवारी मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "बाई, दोषारोपपत्र गेलंय. आता कोर्ट बघेल. तुमचं सव्वा वर्ष राहिलंय, शांततेत जाऊ द्या."

मी गप्प बाहेर आले. आणि खरं सांगायचं तर पंधरा दिवस गप्पच राहिले. त्या पंधरा दिवसांत मी तिचा फोन घेतला नाही. टेबलावर तो थरथरायचा आणि थांबायचा. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या पंधरा दिवसांची वाटते.

मग पुन्हा तपनच्या माडीवर गेले. सफिकुलला सरकारकडून वकील मिळाली होती, ॲडव्होकेट नसरीन, बीडच्याच एका फळविक्रेत्याची मुलगी, नवीन पण हुशार. मी मर्जिनाला फोन लावला आणि तपनला नसरीनचा नंबर तिला सांगायला लावला. आजोबांच्या जमिनीचा जुना उतारा, शाळेतल्या रजिस्टरची नक्कल, पंचायतीचा दाखला, काय काय लागेल ते तपननं तिला एकेक करून सांगितलं. सरकारतर्फे फिर्यादी असलेल्या बाईनं हे करायचं नसतं. मला ते माहीत होतं.

खटला उभा राहिला तेव्हा पहिली साक्ष माझी होती. आजवर मी साक्षीला कधी डगमगले नव्हते. बैलचोरीच्या एका खटल्यात माझा पंचनामा वाचून न्यायाधीशांनी सर्वांसमोर म्हटलं होतं की असं लिहावं. त्याच कोर्टात, त्याच पिंजऱ्यात मी उभी होते. सफिकुल मागं बाकावर बसला होता. केस वाढले होते, अंगात कोणीतरी दिलेला मोठा सदरा. खिडकीतून ऊन येऊन त्याच्या गुडघ्यांवर पडलं होतं.

नसरीन उठली. "बाई, तुम्हाला बंगाली येतं?"

"नाही."

"तेव्हा आरोपीला मराठी येत होतं?"

"नाही. थोडं हिंदी."

"मग उडवाउडवीची उत्तरं त्यानं कोणत्या भाषेत दिली?"

सरकारी वकील खाली कागदात बघत होते. साहेब दाराशी उभे होते. मला एक सोपं उत्तर देता आलं असतं, हावभावावरून वाटलं, असं. तेही आमच्याकडं तयार असतं. पण मला एकदम झोपेतून उठल्यासारखं झालं. समोरचा प्रत्येक चेहरा स्पष्ट दिसत होता.

मी म्हणाले, "त्यानं उत्तरं दिली होती. उडवाउडवीची हे शब्द माझे आहेत."

न्यायाधीश म्हणाले, "सावकाश सांगा, लिहून घ्यायचंय."

मी सावकाश सांगितलं. "गाव नदीत गेलं असं तो म्हणाला. ते खरं असेल असं मला वाटलं नाही. वाटायला हवं होतं." समोर बसलेली लघुलेखिका टाइप करत होती. आधीच्या साक्षींत मी कागदावरचंच म्हणायचे; एकतीस वर्षांत पहिल्यांदाच माझं स्वतःचं बोलणं दुसरं कोणीतरी लिहीत होतं. मी तिच्या बोटांकडं बघत राहिले. ती शब्द बदलेल की काय असं मला वाटत होतं. तिनं बदलले नाहीत.

त्यानंतर साहेब माझ्याशी बोलले नाहीत. कामात कसूर केल्याबद्दल माझ्यावर अहवाल गेला आणि लिखाणाचं टेबल काढून घेतलं. शेवटचे महिने मी समन्स वाटत फिरले. सिरसाळ्यापासून तलवाड्यापर्यंत इतकं फिरणं माझं कधीच झालं नव्हतं. गोरख मात्र एकदा गाडीवर सोडायला आला होता. वाटेत म्हणाला, "ताई, ते पाण्याचं मला कोणीतरी सांगितलं होतं. मी तसंच म्हणलो." मलाही सगळं कोणीतरी सांगितलेलंच होतं.

निकाल लागला त्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेले. मर्जिना आधीच्या तारखेलाच भावाला घेऊन तीन दिवसांचा प्रवास करून कागद घेऊन आली होती. न्यायाधीशांनी ते पडताळून घेतले होते. सफिकुल निर्दोष सुटला. अकरा महिने आत होता.

दुपारी तिघं कोर्टाच्या ओसरीत आदेशाची प्रत मिळायची वाट बघत बसले होते. मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, हिंदीत, सोपं, त्याला कळेल असं. तोंड उघडायच्या आधी त्यानंच मान वर केली.

"बसा बाई," तो म्हणाला.

मी बसले.

"आता इचारा," तो म्हणाला. आवाज शांत होता, त्यात राग नव्हता. "तवा बोलता येत नव्हतं. आता समदं येतंय. आमच्या बराकीत समदे इकडचेच होते, त्येंनी शिकवलं. इचारा, काय इचारायचं ते."

शुद्ध आमच्याकडची मराठी. शेंगा विकणारा बोलतो तशी, माझा भाऊ बोलतो तशी. मग त्यानंच सांगितलं, सावकाश, मी लिहून घेत असल्यासारखं. गावाचं नाव शालुकडांगा होतं. शाळेमागं आंब्याची झाडं होती. काठ पडायच्या आधी जमीन आतून बोलते, घुम घुम असा आवाज येतो, मग लोक आधी दारं काढून नेतात, कारण दारं पुन्हा लावता येतात. "हेच सांगत हुतो बाई, त्या दिशी," तो म्हणाला. "लई येळ सांगत हुतो."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. मी घरी चहाला या म्हटलं. "नगं बाई," तो म्हणाला. "परळीहून गाडी हाय."

मी त्यांना रिक्षानं स्टँडवर सोडलं. परळीची बस लागलेलीच होती, उन्हात तापून गेलेली. खिडकीत तो, शेजारी मर्जिना, मागं तिचा भाऊ. कंडक्टर वाकून विचारत आला, "कुठं जायचं?"

"परळी. तीन द्या," सफिकुल म्हणाला. "आन् ही काच सरकत न्हाई ओ, लई गरम होतंय."

कंडक्टरनं वर न बघताच तिकिटं फाडून दिली. पण मर्जिनानं ओसरीत पाहिलं होतं तसंच वळून नवऱ्याकडं पाहिलं. अकरा महिन्यांनी मिळालेल्या त्या माणसाच्या तोंडून निघालेल्या भाषेतला एकही शब्द तिला कळला नव्हता. ती त्याच्या ओठांकडं बघत होती. बस हलली तरी ती तशीच बघत होती.